जठराची परीक्षा: रक्तावरून की तुकड्यावरून?

'डॉक्टर, दुर्बीण न टाकता नुसत्या रक्तावर कळणार नाही का?' पोटाच्या जुन्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला एण्डोस्कोपीचा सल्ला दिला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याचे काही चूक नसते. घशातून नळी आत जाणार या कल्पनेनेच अनेकांच्या पोटात गोळा येतो. शिवाय गावाहून यायचे, उपाशीपोटी थांबायचे, सोबत कुणाला तरी आणायचे, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. त्यापेक्षा हातातून थोडे रक्त दिले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. आता मोठ्या लॅबच्या यादीत पेप्सिनोजेन, गॅस्ट्रिन अशी नावेही दिसू लागली आहेत. त्यामुळे हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त वेळा येतो.

दुसऱ्या बाजूला वेगळे रुग्ण असतात. त्यांची एण्डोस्कोपी झालेली असते, तुकडाही तपासलेला असतो. अहवालात 'ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस' किंवा 'इंटेस्टायनल मेटाप्लेशिया' असे शब्द असतात. घरातले कुणीतरी ते मोबाइलवर शोधते, 'कॅन्सरपूर्व बदल' एवढेच वाचते आणि सगळ्या घराची झोप उडते.

पहिल्या रुग्णाला रक्ताकडून फार अपेक्षा आहे, तर दुसऱ्याला तुकड्याच्या अहवालाची फार धास्ती आहे. दोघांनाही एकच गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जठराच्या अस्तरात कॅन्सरच्या आधी नेमके काय घडते आणि त्यातले रक्तात किती दिसते, ही ती गोष्ट.

अस्तर विरते, मग बदलते

जठर म्हणजे स्नायूंची एक पिशवी आणि तिला आतून मऊ, ओलसर अस्तर. या अस्तरात लाखो सूक्ष्म ग्रंथी असतात. पिशवीच्या वरच्या आणि मधल्या मोठ्या भागातील ग्रंथी आम्ल आणि पाचकरस तयार करतात. आतड्याकडे उघडणाऱ्या खालच्या भागातील ग्रंथी मुख्यतः चिकट द्रव तयार करतात. गॅस्ट्रिन हे संप्रेरकही तिथेच बनते. 'आम्ल तयार करा' असा निरोप वरच्या भागाला पोहोचवणे हे त्याचे काम.

कोलंबियात जन्मलेले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरेआ यांनी १९७५ मध्ये जठराच्या कॅन्सरची वाटचाल पायऱ्यांच्या रूपात मांडली आणि पुढे ती अधिक नेमकी केली. पहिली पायरी दीर्घकाळ चालणाऱ्या सुजेची. वर्षानुवर्षे सूज राहिली की जुने सुती कापड विरावे तसे अस्तर विरत जाते आणि ग्रंथी नाहीशा होतात. यालाच ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. पुढच्या पायरीवर या विरलेल्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवतात. हा इंटेस्टायनल मेटाप्लेशिया. त्यानंतर पेशींची ठेवणच बिघडते. तो डिस्प्लेशिया, आणि शेवटची पायरी कॅन्सरची. या प्रवासाला बहुधा काही दशके लागतात. बहुसंख्य लोक मधल्याच एखाद्या पायरीवर थांबतात आणि शेवटपर्यंत कधीच जात नाहीत.

सूज कशामुळे येते, हे त्या वेळी उलगडलेले नव्हते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. आम्लात जंतू जगत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. मार्शल यांनी स्वतः तो जंतू पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कॅन्सरच्या निश्चित कारणांच्या यादीत घातले आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये १,५२६ रुग्णांचा सरासरी ७.८ वर्षे पाठपुरावा झाला. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला. जंतू नसलेल्या २८० जणांपैकी एकालाही झाला नाही.

या पायऱ्यांवरच्या माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही. विरलेले अस्तर दुखत नाही. जळजळ, करपट ढेकर, पोट फुगणे या तक्रारींवरून अस्तर कोणत्या पायरीवर आहे, हे सांगता येत नाही. म्हणूनच तपासणीचा प्रश्न येतो.

रक्तात काय मोजतात?

अन्नातील प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिन या पाचकरसाचे कच्चे रूप म्हणजे पेप्सिनोजेन. ते जठरात तयार होते आणि त्याचा अगदी थोडा अंश रक्तात उतरतो. त्याचे दोन प्रकार असतात. पेप्सिनोजेन-१ फक्त जठराच्या वरच्या-मधल्या भागातील ग्रंथींमध्ये बनते. पेप्सिनोजेन-२ संपूर्ण जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातही बनते.

चाचणीची सगळी युक्ती या फरकात आहे. वरच्या-मधल्या भागाचे अस्तर विरले की पेप्सिनोजेन-१ घटते. दुसरा प्रकार इतरत्रही बनत असल्याने तो फारसा घटत नाही. म्हणजे दोघांचे गुणोत्तर खाली येते. जपानमध्ये पेप्सिनोजेन-१ दर मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी आणि गुणोत्तर ३ किंवा त्याहून कमी असेल, तर अस्तर विरले असावे असे मानतात.

काही ठिकाणी याच्या जोडीला गॅस्ट्रिन-१७ मोजतात. ते जठराच्या खालच्या भागात बनत असल्याने तो भाग विरला तर कमी होते. वरचा भाग विरून आम्ल कमी झाले, तर मात्र ते वाढते. चौथी चाचणी हेलिकोबॅक्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांची. अशा चार चाचण्यांचा एकत्रित संच फिनलंडमध्ये विकसित झाला आणि युरोपात वापरला जातो.

जपानमध्ये पेप्सिनोजेन आणि प्रतिपिंड या दोन चाचण्यांवरून लोकांचे चार गट पाडण्याची पद्धत रूढ झाली. 'अ' गटात दोन्ही चाचण्या ठीक. 'ब' गटात जंतू आहे, पण अस्तर शाबूत. 'क' गटात जंतू आहे आणि अस्तरही विरलेले. 'ड' गटात अस्तर विरलेले, पण जंतूची खूण नाही. वरवर पाहता 'क' गट सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रत्यक्षात पाठपुराव्यात सर्वाधिक जोखीम 'ड' गटात आढळली. कारण अस्तर फारच विरले आणि आम्ल संपत आले की त्या जागी जंतूलाही राहवत नाही. तो निघून जातो, पण त्याने केलेले नुकसान मागे राहते. 'जंतू नाही' हा अहवाल नेहमीच आनंदाचा नसतो, तो असा.

रक्तचाचणी कुठे कमी पडते?

जगभरातील अभ्यास एकत्र करून पाहिले, तर अस्तर विरलेल्या दहा जणांपैकी साधारण सात जण पेप्सिनोजेन चाचणीत सापडतात आणि तीन निसटतात. ज्यांचे अस्तर चांगले आहे अशा दहांपैकी जवळपास नऊ जणांना चाचणी 'ठीक' म्हणते आणि एकाला उगीच संशयात अडकवते.

हे आकडे ऐकायला वाईट नाहीत. पण थोडा हिशेब करून पाहू. समजा, एक हजार लोकांची चाचणी केली आणि त्यांपैकी ५० जणांचे अस्तर खरोखर विरलेले आहे. चाचणीला त्यातले ३५ सापडतील, १५ निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ९५ जणांना चाचणी चुकून 'बिघाड आहे' असे सांगेल. म्हणजे एकूण १३० जणांच्या हातात चिंतेचा अहवाल पडेल आणि त्यांपैकी ९५ जणांना, म्हणजे दर चौघांपैकी जवळपास तिघांना, तो बिघाड नसेलच. आजार जितका विरळ, तितके हे प्रमाण आणखी बिघडते. ज्या देशात हा बदल जास्त आढळतो तिथे उपयोगी पडणारी चाचणी दुसरीकडे तेवढी उपयोगी पडेलच, असे नाही.

दुसरी अडचण जागेची. पेप्सिनोजेन सांगते ते वरच्या-मधल्या भागाबद्दल. हेलिकोबॅक्टरमुळे होणारे बदल मात्र बहुधा जठराच्या खालच्या भागातून सुरू होतात आणि हळूहळू वर सरकतात. खालचा भाग विरला आहे, त्यात मेटाप्लेशियाही झाला आहे, पण वरचा भाग अजून शाबूत आहे, अशा माणसाचे पेप्सिनोजेन अगदी व्यवस्थित येऊ शकते.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. मेटाप्लेशिया आणि डिस्प्लेशिया रक्तात दिसत नाहीत. ग्रंथी कमी झाल्या असाव्यात, एवढाच अंदाज पेप्सिनोजेनवरून बांधता येतो. त्यांच्या जागी काय उगवले, पेशींची ठेवण बिघडली आहे का, याबद्दल ते गप्प असते. शिवाय जठराचे सगळेच कॅन्सर या पायऱ्यांनी येत नाहीत. अस्तरात विखरून पसरणारा एक प्रकार आहे. तो तरुण वयातही होतो आणि अस्तर फारसे विरलेले नसतानाही होऊ शकतो. तिथे ही चाचणी फसते.

चौथी गोष्ट रोजच्या व्यवहारातली. आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांमुळे रक्तातील पेप्सिनोजेन आणि गॅस्ट्रिन वाढते. आपल्याकडे 'पित्ताची गोळी' सकाळच्या चहाआधी वर्षानुवर्षे घेणारे घरोघरी आहेत. औषधाच्या दुकानातून आणून घेतलेली ही गोळी डॉक्टरला सांगायचेही अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा माणसाचा खरा बिघाड चाचणीत झाकला जाऊ शकतो. मूत्रपिंडे निकामी होत असतील तरी पेप्सिनोजेन वाढलेले दिसते. प्रतिपिंडांचेही तसेच. जंतूवर उपचार होऊन तो गेला तरी प्रतिपिंड रक्तात बराच काळ, कधी वर्षानुवर्षे, राहतात. त्यामुळे जंतू आता आहे का, हे पाहायचे तर शौचातील अँटिजेन किंवा श्वासाची युरिया चाचणी अधिक भरवशाची. त्यासाठीही आम्लाच्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात कोणतीही गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

ज्या जपानने ही चाचणी सर्वाधिक वापरली, तिथल्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही सरसकट लोकसंख्येच्या तपासणीसाठी एकट्या पेप्सिनोजेनची शिफारस केली नाही. या चाचणीमुळे मृत्यू कमी होतात याचा पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही. तिथे आधी बेरियमच्या क्ष-किरण तपासणीचा आणि २०१६ पासून एण्डोस्कोपीचाही सरकारी कार्यक्रमात समावेश आहे. दक्षिण कोरियातही चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराच्या तपासणीची सोय आहे.

या ओघात आणखी एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. अनेक तपासणी पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून सीईए आणि सीए १९-९ या चाचण्या असतात. जठराच्या कॅन्सरपूर्व बदलांशी त्यांचा संबंध नाही. सुरुवातीच्या कॅन्सरमध्येही त्या बहुधा ठीकच येतात आणि धूम्रपान, यकृताचे आजार, पित्तनलिकेतील अडथळा अशा इतर कारणांनी वाढलेल्या दिसतात. कॅन्सरचे निदान झाल्यावर उपचाराचा पाठपुरावा करताना त्यांचा उपयोग होतो. निरोगी माणसाने त्या करून घेतल्या, तर हाती लागतो तो खोटा दिलासा किंवा नाहक घोर.

शितावरून भाताची परीक्षा

आता तुकड्याकडे वळू. एण्डोस्कोपीत घशाला बधिर करणारा फवारा मारतात आणि बोटाएवढी जाड, लवचीक नळी अन्ननलिकेतून जठरात नेतात. पाहणीला पाच-दहा मिनिटे लागतात. नळीतून एक बारीक चिमटा आत जातो आणि अस्तराचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे काढतो. त्याची वेदना जाणवत नाही. रक्त किरकोळ येते आणि आपोआप थांबते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ते आधी सांगावे. 'तुकडा काढला की आजार चिघळतो' हा समज आजही गावोगावी आहे. त्याला काहीही आधार नाही. या समजापायी तपासणी लांबवणारे रुग्ण दिसतात तेव्हा वाईट वाटते, कारण लांबणीवर टाकण्याची किंमत खरी असते.

तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला की पॅथॉलॉजिस्टला ग्रंथी प्रत्यक्ष दिसतात. किती उरल्या, किती गेल्या, आतड्याच्या पेशी उगवल्या आहेत का, जंतू चिकटलेले आहेत का, पेशींच्या केंद्रकांची ठेवण बिघडली आहे का, हे सगळे तिथे समजते. पायरी कोणती, याचे उत्तर तुकडाच देतो.

पण तुकड्यालाही मर्यादा आहेत. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा. जठराचे अस्तर तसे नसते. एका जागी विरलेले, दोन बोटांवर चांगले, पुन्हा पलीकडे मेटाप्लेशियाचा ठिपका, असा तो प्रकार असतो. एकाच जागचे शीत उचलले तर परीक्षा चुकते. म्हणून १९९० मध्ये सिडनीत भरलेल्या जागतिक परिषदेतून एक पद्धत पुढे आली आणि १९९४ मध्ये ह्यूस्टन येथे तिच्यात सुधारणा झाली. त्यानुसार पाच तुकडे घ्यायचे: खालच्या भागातून दोन, मधल्या वळणावरून एक आणि वरच्या-मधल्या भागातून दोन. कोणता तुकडा कुठला, हे कळावे म्हणून ते वेगळ्या बाटल्यांत पाठवायचे. याशिवाय डोळ्यांना संशयास्पद वाटलेल्या जागेचे तुकडे निराळे. या तुकड्यांवरून 'ओल्गा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत शून्य ते चार अशी पायरी ठरवता येते. तीन आणि चार पायरीवरच्या रुग्णांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

प्रत्यक्षात अनेकदा खालच्या भागातून एकच तुकडा घेतला जातो आणि तो जंतूच्या झटपट चाचणीत टाकला जातो. द्रवाचा रंग बदलला की जंतू आहे, नाही बदलला तर नाही. ही चाचणी उपयोगी आहे, पण ती अस्तराबद्दल काही सांगत नाही. 'माझा तुकडा काढला होता, सगळे ठीक होते' असे सांगणाऱ्या रुग्णाने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला होता की फक्त रंगाच्या चाचणीत घातला होता, हे कागद काढून पाहावे.

नळीतून पाहणाऱ्याची नजर आणि त्याने दिलेला वेळही महत्त्वाचा. जठर नीट फुगवून, फेस धुऊन, प्रत्येक कोपरा पाहिला तर बारीक बदल सापडतात. नव्या यंत्रांमध्ये विशिष्ट निळसर-हिरव्या प्रकाशात पाहण्याची सोय असते. त्यात मेटाप्लेशियाच्या जागा अधिक स्पष्ट दिसतात आणि तुकडा अंदाजाने न घेता नेमक्या जागेवरून घेता येतो.

रक्त आधी बोलते, तो प्रसंग

असे असले तरी रक्त एका बाबतीत तुकड्याच्या पुढे असते. काही लोकांत शरीरच स्वतःच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. या आजारात जठराचा वरचा-मधला भाग विरतो, खालचा भाग शाबूत राहतो. आम्ल तयार करणाऱ्या पेशींबरोबरच बी-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा घटकही संपतो. खालच्या भागातून एकच तुकडा घेतला असेल तर अहवाल जवळपास ठीक येतो. रक्तात मात्र पेप्सिनोजेन-१ अगदी खाली गेलेले, गॅस्ट्रिन खूप वाढलेले आणि त्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे हजर, असे चित्र दिसते.

महाराष्ट्रात हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते, की 'शाकाहारी आहात ना, मग असणारच' असे म्हणून विषय संपवला जातो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण समजा, साठीच्या एखाद्या आजी रोज दूध-दही घेतात, बी-१२ च्या गोळ्यांचा कोर्सही झाला, तरी पातळी वर येत नाही. हिमोग्लोबिन कमी आहे, हातापायांना मुंग्या येतात, जोडीला थायरॉइडचा आजार आहे. तेव्हा दोष आहाराचा नसून जठराचा असू शकतो. मांसाहारी माणसाचे बी-१२ कमी असेल, किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तरीही जठराकडे पाहावे. अशा वेळी साध्या रक्तचाचण्या वाट दाखवतात आणि मग वरच्या भागातूनही तुकडे घेऊन खात्री करता येते. या रुग्णांमध्ये जठरात काही विशिष्ट गाठी होण्याची शक्यता वाढलेली असते, म्हणून निदान होणे गरजेचे.

अहवालात 'मेटाप्लेशिया' आला तर?

आधी आकडे पाहू. नेदरलँड्समध्ये नव्वद हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतरच्या पाच वर्षांत कॅन्सर होण्याचे वार्षिक प्रमाण विरलेल्या अस्तरात हजारात १ होते. मेटाप्लेशियात ते चारशेत १ आणि सौम्य-मध्यम डिस्प्लेशियात हजारात ६. तीव्र डिस्प्लेशियात मात्र ते शंभरात ६ होते. म्हणजे मेटाप्लेशियाच्या चारशे रुग्णांपैकी ३९९ जणांना त्या वर्षी कॅन्सर होत नाही. तीव्र डिस्प्लेशिया असेल तर मात्र एक दिवसही वाया घालवू नये. अनेकदा तेवढा भाग एण्डोस्कोपीतूनच काढून टाकता येतो.

मेटाप्लेशिया सापडल्यावर जंतूची चाचणी करून, तो असेल तर घालवणे हे पहिले काम. चीनमधील शांडोंग प्रांतात १९९५ मध्ये जंतूबाधित लोकांना दोन आठवड्यांचे औषध दिले गेले. २२ वर्षांनंतरही त्यांच्यात जठराच्या कॅन्सरचे प्रमाण औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होते. दक्षिण कोरियात, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना हा कॅन्सर झाला होता अशा लोकांत, जंतू घालवल्याने धोका निम्म्याहून कमी झाल्याचे २०२० मध्ये दिसले. आपल्याकडे या जंतूने काही अँटिबायोटिकना दाद देणे बंद केले आहे. म्हणून औषधांचा पूर्ण १४ दिवसांचा कोर्स घ्यावा आणि नंतर जंतू गेला का, हे पुन्हा तपासावे. बरे वाटले म्हणून पाचव्या दिवशी गोळ्या सोडू नयेत.

दुसरे काम पाठपुराव्याचे. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार बदल संपूर्ण जठरात पसरलेले असतील, तर दर तीन वर्षांनी एण्डोस्कोपी करावी. बदल फक्त खालच्या भागात, सौम्य असतील आणि घरात कुणाला हा कॅन्सर नसेल, तर वारंवार दुर्बीण टाकायची गरज नाही. धूम्रपान आणि तंबाखू सोडणे, खारवलेले पदार्थ कमी करणे, ताजी फळे-भाज्या खाणे, हे सर्वांसाठीच. विरलेले अस्तर जंतू गेल्यावर काही प्रमाणात सुधारते. मेटाप्लेशिया मात्र सहसा तसाच राहतो, म्हणून जंतू लवकर गेलेला बरा.

मग कुणी काय करावे?

जगात दरवर्षी जठराच्या कॅन्सरचे नऊ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. भारतात ही संख्या साठ हजारांच्या आसपास आहे. देशात सर्वाधिक प्रमाण मिझोराममध्ये आहे. तिथला धुरावलेला, खारवलेला मांसाहार आणि तंबाखूचा धूर मुरवलेले 'तुईबुर' हे पाणी यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. महाराष्ट्रात हे प्रमाण त्यामानाने बरेच कमी. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हेलिकोबॅक्टर असूनही कॅन्सर कमी, हे कोडे अजून पूर्ण सुटलेले नाही. त्यामुळे जपान-कोरियाप्रमाणे प्रत्येकाची तपासणी करण्याचा आपल्याकडे अर्थ नाही. काहीही तक्रार नसलेल्या, घरात कुणाला हा आजार नसलेल्या माणसाने पेप्सिनोजेनसाठी पैसे खर्च करू नयेत.

काही लोकांनी मात्र रक्तचाचणीत वेळ न घालवता थेट एण्डोस्कोपी करून घ्यावी. वजन कारण नसताना उतरते आहे, घास अडकतो, वारंवार उलट्या होतात, उलटीतून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच होते, हिमोग्लोबिन घसरते आहे, पन्नाशीनंतर पोटाची तक्रार नव्याने सुरू झाली आहे, अशांपैकी काहीही असेल तर रक्ताचा अहवाल 'ठीक' असला तरी थांबू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते कारण आहे हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर जंतूची तपासणी आणि एण्डोस्कोपी याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

या दोन गटांच्या मधले लोक उरतात: ज्यांना एण्डोस्कोपी झेपणार नाही असे वयोवृद्ध, ज्यांच्या जवळपास ती सोय नाही असे रुग्ण, किंवा बी-१२ चे कोडे न सुटलेले. त्यांच्यासाठी रक्तचाचणी हा पर्याय आहे. पण ती करताना चालू असलेल्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी घेतलेला जंतूवरील उपचार हे सगळे सांगावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या किटच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नये. अहवाल बिघडलेला आला तर पुढची पायरी एण्डोस्कोपीच, हेही आधीच मनाशी ठरवावे. ती करायचीच नसेल, तर रक्त देऊन काही साधत नाही.

एण्डोस्कोपी करून घेणाऱ्यांनी तीन गोष्टी विचारायला संकोच करू नये. तुकडे किती आणि कुठून घेतले? ते सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला पाठवले का? जंतू आढळला का? सरकारी रुग्णालयातल्या गर्दीतही हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि काही जिल्हा रुग्णालयांत ही सोय आहे. रांग मोठी असते, हे खरे. म्हणूनच ज्याला खरी गरज आहे त्याने भीतीपोटी रांग सोडू नये आणि ज्याला गरज नाही त्याने पॅकेजमधल्या एखाद्या आकड्याने घाबरून ती वाढवू नये. जुने अहवाल, तुकड्याचा कागद, जंतूच्या औषधांची चिठ्ठी एका पिशवीत जपून ठेवा आणि दर वेळी सोबत आणा. जठराचे बदल वर्षानुवर्षांचे असतात. ते किती पुढे सरकले हे आजच्या एका चाचणीपेक्षा जुना आणि नवा कागद शेजारी ठेवल्यावर अधिक चांगले समजते.